डबा पोचेल एवढ्या अंतरावरचं विद्यापीठ

दूधगंगाकाठ

परवा गावाकडचं जुनं घर उतरवायला काढलं. माळ्यावरच्या अडगळीत ॲल्युमिनियमचा डबा निघाला. दोन पुडांचा, कडी वाकलेली. झाकणावर वडिलांनी खिळ्यानं टिंबं ठोकून आमचं आडनाव काढलंय आणि त्याखाली चार अक्षरं : विद्यापीठ.

१९८४ ते ८६ मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात इतिहासात एम.ए. करत होतो. तेव्हा हा डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा. आई फडक्यात बांधायची, आणि गाठ अशी मारायची की आमच्या घरातल्यालाच सुटावी. आत दोन ज्वारीच्या भाकरी, कोरड्यास, खर्डा. कधी वरच्या पुडात वडिलांची चिठ्ठी : 'म्हैस व्याली. शनिवारी ये.' स्टँडवर गाडी लागली की आम्ही पोरं मागच्या बाकाखाली वाकून आपापला डबा ओढून काढायचो. कालचा रिकामा डबा त्याच गाडीनं परत. दोन वर्षांत एकदाही चुकला नाही. एसटीचा संप असेल किंवा नदीला पाणी येऊन रस्ता बंद असेल, तेवढे दिवस वगळून.

डबा हातात घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट नीट उमगली, तीच लिहायला हा धागा. माझे मामा माझ्याआधी तीस वर्षं बी.ए. झाले. पुढं शिकायचं तर पुणं. सव्वादोनशे किलोमीटर, तिथं खोली, तिथली खानावळ. आजोबांनी हिशेब केला आणि मामा शाळेत मास्तर म्हणून लागले. डोकं माझ्यापेक्षा त्यांचं चांगलं होतं. आमच्या दोघांत फरक एवढाच, की माझ्या वेळेला विद्यापीठ डबा पोचेल एवढ्या अंतरावर आलं होतं.

ते आलं कसं, हे नव्या पोरांना फारसं ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगतो. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून, सांगलीत विलिंग्डन १९१९ पासून. पण ही कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाची आणि १९४९ नंतर पुणे विद्यापीठाची. शिवाजी महाराजांच्या नावानं कोल्हापूरला विद्यापीठ व्हावं हे स्वप्न राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. ते मूळचे पंजाबकडचे, पण शिवचरित्रात पार बुडालेले. प्रत्यक्षात यायला १९६२ उजाडलं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते, आणि शिक्षणमंत्री असताना बाळासाहेब देसाईंनी हा विषय धसाला लावला होता. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. ही तारीख जरा थांबून वाचा. चीनशी युद्ध चालू होतं, शस्त्रसंधी तीन दिवसांनी झाली. यशवंतराव त्याच आठवड्यात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. अशा दिवसांत राष्ट्रपती इथं आले आणि विद्यापीठ सुरू झालं.

सुरुवातीला ३४ महाविद्यालयं, सुमारे १४ हजार विद्यार्थी आणि पाच पदव्युत्तर विभाग. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी असा पाच जिल्ह्यांचा पसारा. जागा मिळाली ती शहराबाहेरचा सागरमाळ, ८५३ एकर. माळच तो, मुरूम आणि कुसळं. जुने लोक सांगायचे, तिकडं गुरं चारायला जायचे.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासकार होते. तेरा वर्षांच्या कारकिर्दीत इमारतींइतकंच कागदांकडेही त्यांनी लक्ष दिलं. ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्यांनी संपादित केले आणि विद्यापीठानंच छापले. पुढं राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचे खंड डॉ. विलास संगवे यांच्या हातून निघाले. ज्या गावाची गादी ताराराणीनं उभी केली, त्या गावात बसून तिच्या काळची पत्रं वाचायची, यातलं सुख मला शब्दांत सांगता येणार नाही. मी मोडी शिकलो ती त्याच ओढीनं.

तुमच्यापैकी ज्यांचा सागरमाळाशी संबंध आला असेल त्यांनी लिहा. लांबलं तरी चालेल.

माणदेशी

दूधगंगाकाठ, डब्याचं वाचून गलबललं. आमच्याकडं म्हसवडहून कोल्हापूरला डबा कुठला पोचायचा? निघेपर्यंतच भाकरीचा पापड झाला असता. माझ्यासारख्यांना तारलं ते 'कमवा आणि शिका'नं. विद्यापीठात काम करायचं, त्यावर राहण्या-जेवणाचं भागायचं. मी बागेत होतो. सकाळी आळी करायची, पाणी घालायचं, मग आंघोळ करून तासाला. रसायनशास्त्राचे सर वर्गात जाताना थांबून विचारायचे, 'काल लावलेलं जगलं का रे?'

ही योजना आभाळातून पडलेली नाही, हे जोडून सांगतो. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगं उभी केली. भाऊराव पाटील कोल्हापूरला शिकायला होते ते जैन बोर्डिंगात, तिथंच महाराजांचा सहवास मिळाला. त्याच भाऊरावांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ ला साताऱ्याला कॉलेज काढलं, जिथं पोरं श्रम करून शिकायची. भाऊरावांच्या बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील १९७५ ला याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. बोर्डिंगातून निघालेली वाट बोर्डिंगातल्या पोराला घेऊन कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंत आली. आळी करताना मला हे माहीत नव्हतं, नंतर वाचलं. माहीत असतं तर खुरपं जरा वेगळ्या ताठ्यानं धरलं असतं.

वाशिष्ठी

मूळ लेखात रत्नागिरीचा उल्लेख एका ओळीत संपला, म्हणून लिहिते. माझे काका चिपळूणचे, त्यांच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठाचं नाव आहे. कोकणातल्या मुलांना कोल्हापूर म्हणजे घाट चढून जायचं गाव. पावसाळ्यात कुंभार्ली बंद झाला की मध्येच अडकायचं. पुढे आमचा जिल्हा मुंबई विद्यापीठाला जोडला गेला. माझी पदवी मुंबईची. काका अजून म्हणतात, 'तुमचं मोठं असेल, पण आमच्या विद्यापीठानं आम्हाला विचारलं होतं.' म्हणजे तिथल्या कचेरीत गेलं की 'कुठून आलात, जेवलात का' असं कोणीतरी विचारायचं.

हुतात्मानगरी

सोलापूरकर म्हणून मला हाच डब्याचा मुद्दा उलट बाजूनं मांडावासा वाटतो. अक्कलकोटच्या, करमाळ्याच्या पोराला एका कागदासाठी कोल्हापूरला जायचं म्हणजे रात्रीची गाडी, दिवसभर रांग आणि परत रात्रीची गाडी. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं तेव्हा कोल्हापूरच्या काही मित्रांना वाईट वाटलं, जिल्हा तुटला म्हणून. पण १९६२ ला कोल्हापूरनं पुण्याकडं जे मागितलं तेच आम्ही २००४ ला मागितलं. तो जिल्हा तुटला नाही, डब्याचं अंतर कमी झालं.

आणि एक. संलग्न महाविद्यालयातल्या मुलांचं काय? मी बी.कॉम. झालो तेव्हा विद्यापीठ म्हणजे उत्तरपत्रिकेवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचा शिक्का. माळ, मोर, ग्रंथालय हे सगळं तिथं राहणाऱ्यांचं. लाखो मुलं कधी त्या आवारात पाऊल न ठेवता पदवीधर होतात. तेव्हा 'विद्यापीठानं आम्हाला घडवलं' असं म्हणताना ती मुलंही मोजा.

दूधगंगाकाठ

हुतात्मानगरी, तुमचा दुसरा मुद्दा मनाला लागला आणि तो बरोबरही आहे. मी स्वतः गारगोटीला बी.ए. झालो, तेव्हा माझ्यासाठीही विद्यापीठ म्हणजे शिक्काच होता. पण आम्ही बी.ए.पर्यंत पोचलो त्यामागंही एक कारण आहे. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना १२०० रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफी मिळाली. आमच्याकडं सगळे त्याला नुसतं 'ईबीसी' म्हणतात. ज्या घराची फी भरायची ऐपतच नव्हती, त्या घरातली पोरं एकदम कॉलेजच्या दारात आली. गावोगावी कॉलेजं निघाली. बापूजी साळुंख्यांची विवेकानंद संस्था, रयत, आमच्या गारगोटीला जे. पी. नाईकांनी उभं केलेलं मौनी विद्यापीठ. एवढी कॉलेजं पुण्याहून कशी सांभाळायची? विद्यापीठ आलं ते या गर्दीमागून. आधी कॉलेजची पोरं आली, मग विद्यापीठ. त्यामुळं माळावर न आलेली पोरंच खरं तर या विद्यापीठाचा पाया, असं मी म्हणेन.

पहाटफेरी

मी राजारामपुरीत राहते. विद्यापीठात शिकले नाही, शिकवलंही नाही. तरी गेली बावीस वर्षं रोज पहाटे तिथं चालायला जाते, म्हणजे माझाही काही हक्क आहे असं समजते.

थंडीत साडेपाचला गेलात तर मुख्य इमारतीसमोरचा अश्वारूढ पुतळा आधी नुसता काळा दिसतो. मग घोड्याच्या मानेची कड उजळते, मग महाराजांचा चेहरा. पुण्याच्या बी. आर. खेडकरांनी केलेला हा पुतळा, १९७४ ला यशवंतरावांच्या हस्ते अनावरण झालं. माझे सासरे त्या गर्दीत होते. आजही परगावचा पाहुणा आला की आम्ही अंबाबाई, रंकाळा आणि विद्यापीठाचा पुतळा दाखवतो. मोरांचं ओरडणं ऐकायचं असेल तर जून उजाडायची वाट बघा.

पण मला लिहायचंय ते पाण्याबद्दल. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय ना? चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण पंचगंगेवरची उपसा केंद्रंच बुडाली होती. तेव्हा सागरमाळावरून टँकर भरून शहरात आले. ज्या माळावर कुसळं होती म्हणता, तिथं विद्यापीठानं वर्षानुवर्षं पावसाचं पाणी अडवलंय. तळी, शेततळी, विहिरी, स्वतःचं शुद्धीकरण. भाषा भवनाकडचं तळं मी कोरडंही पाहिलंय आणि भरलेलंही. आमच्या गल्लीत टँकर आला त्या दिवशी मी घागर घेऊन रांगेत होते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, 'कुठलं हो पाणी?' टँकरवाला म्हणाला, 'विद्यापीठाचं.' त्या दिवसापासून चालताना तळ्याकाठी कोणी प्लॅस्टिकची बाटली टाकलेली दिसली की मी उचलते.

नंतर कोरोनात तिथल्या वसतिगृहांत रुग्णांची सोय झाली. माझे दीर दहा दिवस तिथं होते. खिडकीतून मोर दिसायचे म्हणून सांगत होते.

काचपट्टी

दक्षिण कोरियातून लिहितोय. इथं मराठी संशोधक भेटला की पहिला प्रश्न 'कोल्हापूर का?' आणि बहुतेकदा उत्तर 'होय'. तासगाव, इस्लामपूर, गडहिंग्लज, फलटण. दिवाळीला एकत्र जमलो की गावाकडच्या बाजारात बसल्यासारखं वाटतं.

याचं मूळ सागरमाळावरच्या प्रयोगशाळांत आहे. आमच्या भौतिकशास्त्र विभागाचं नाव झालं ते पातळ थरांच्या कामावर, ज्याला सगळे थिन फिल्म म्हणतात. इतर ठिकाणी त्याला निर्वात पोकळीची महागडी यंत्रं लागतात. आमच्याकडं रासायनिक पद्धती रुजल्या. बीकर, काचेची पट्टी, गरम पाण्याचं भांडं. बीकरमध्ये द्रावण, त्यात पट्टी उभी करायची आणि बघत बसायचं. कॅडमियम सल्फाइडचा थर चढायला लागला की पारदर्शक काच हळूहळू हळदीसारखी पिवळी होते. पट्टी बाहेर काढून धुवून उजेडाकडं धरायची. थर सलग आहे की ठिपके पडलेत, ते डोळ्यानं आधी कळतं, यंत्रावर नंतर. फवारणीचं यंत्र तर विभागातच जुळवलेलं. पैशाच्या अडचणीतून निघालेली ही रीत पुढं आमची ताकद ठरली. इथं आल्यावर यंत्र बंद पडलं की बाकीचे दुरुस्तीवाल्याची वाट बघतात, आम्ही झाकण उघडतो.

माझी आई शेतमजूर. मी पीएच.डी. करत असताना एकदा ती प्रयोगशाळेत आली होती. तिनं पिवळी पट्टी हातात घेतली आणि विचारलं, 'ह्येचं काय करायचं?' म्हटलं, यावर ऊन पडलं की वीज होईल अशी खटपट आहे. ती म्हणाली, 'ऊन आपल्याकडं लई हाय.'

शिवारपाखरू

सगळ्यांचं वाचतेय. एक नोंद मुलींची राहिली. १९९१ ला माझ्या वडिलांनी मला एम.एस्सी.ला जाऊ दिलं ते एकाच अटीवर : रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी. आम्ही जयसिंगपूरचे. सकाळची गाडी, मग विद्यापीठापर्यंत केएमटी, म्हणजे कोल्हापूरची शहर बस, संध्याकाळी परत. पुणे किंवा मुंबई असती तर माझं लग्न झालं असतं. धाग्याचं शीर्षक डब्याचं आहे, माझ्यासाठी ते 'दिवेलागणीच्या आत परत येता येईल एवढ्या अंतरावरचं' असं आहे. आमच्या गाडीत आम्ही नऊ मुली होतो. नऊजणींपैकी सहा आज शिक्षिका-प्राध्यापिका आहेत.

विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात मात्र माझी घालमेल व्हायची. चार वाजले की घड्याळाकडं लक्ष. पुस्तक मिटवून उठावं लागायचं. वसतिगृहातल्या मुली रात्रीपर्यंत बसायच्या त्यांचा फार हेवा वाटायचा. गेल्या वर्षी मुलीला घेऊन मुद्दाम गेले. दीक्षान्त समारंभाच्या निमित्तानं ग्रंथदिंडी निघते ती पाहिली. पालखीत ग्रंथ, पुढं लेझीम, टाळ. मुलगी म्हणाली, 'आई, पुस्तकांची पालखी!' मी काही बोलू शकले नाही.

करवीर

नावाबद्दल कोणीच बोललं नाही. गेली काही वर्षं 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' असं पूर्ण नाव करावं अशी मागणी आहे. महाराजांचा उल्लेख एकेरी वाटतो, हे अनेकांचं मनापासूनचं दुखणं आहे. मलाही वाटतं की नाव पूर्ण असावं.

दूधगंगाकाठ

करवीर, भावना समजते. महाराजांबद्दल आदर कमी असलेला माणूस कोल्हापुरात शोधून सापडणार नाही. पण जुन्या लोकांकडून ऐकलेलं सांगतो. १९६२ लाही हा विचार झाला होता. लांब नाव दिलं की लोक आद्याक्षरं करतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं 'एम. एस.' झालं, सयाजीराव आडोशाला गेले. तसं इथं होऊ नये, बोलणाऱ्याच्या तोंडात 'शिवाजी' हा शब्द यायलाच हवा, म्हणून नाव आखूड ठेवलं. आज सातारचा पोरगा फोनवर म्हणतो, 'शिवाजीला ॲडमिशन मिळालं.' महाराजांचं नाव दिवसातून लाखभर वेळा तरी घेतलं जात असेल. मला ते एकेरी वाटत नाही, विठोबाला 'विठ्या' म्हणणारी आपली माणसं आहेत. तरी तुमचं मत वेगळं असू शकतं, इथं भांडण नको.

करवीर

भांडण नाहीच. आद्याक्षरांचा मुद्दा मी प्रथमच ऐकला. विचार करतो. मत लगेच बदललं असं नाही म्हणणार.

माणदेशी

आमच्या वेळेच्या युवा महोत्सवाचं कोणीतरी लिहा राव. मूकनाट्य, पथनाट्य, लोकवाद्यवृंद. गावोगावच्या कॉलेजांची पोरं एका मांडवात. हुतात्मानगरी म्हणतात तसं माळ न पाहिलेल्या पोरांनाही विद्यापीठ भेटायचं ते तिथं. माझा आवाज हलगीपुढं कसा लागतो ते मला इचलकरंजीच्या एका पोरानं दाखवलं, तो आजही माझा जिवलग आहे.

आगारवाट

नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज लिहायलाच पाहिजे असं झालं. माझे वडील गारगोटी आगारात कंडक्टर होते. दूधगंगाकाठ यांचं लिखाण काल रात्री त्यांना वाचून दाखवलं. वय ८१, ऐकू कमी येतं, दोनदा वाचायला लावलं.

ते म्हणाले, सकाळच्या गाडीत मागच्या बाकाखाली पंधरा-सतरा डबे असायचे. परीक्षेच्या दिवसांत वाढायचे, कारण मग पोरं शनिवार-रविवारीही घरी जात नसत. कोरड्यास सांडणाऱ्या डब्याखाली ते वर्तमानपत्र घालायचे. डब्यांचं तिकीट त्यांनी कधी फाडलं नाही. एकदा तपासणीस चढला, डबे मोजले आणि विचारलं, 'कुणाचे?' वडील म्हणाले, 'शिकणाऱ्या पोरांचे.' तो पुढच्या थांब्यावर उतरून गेला.

वडिलांना एवढंच विचारायचंय : गाडी मुदाळतिट्ट्याकडून यायची का? आणि डब्याची कडी डाव्या अंगाला वाकलीय का? एक डबा एकदा चाकाच्या पत्र्यात अडकला होता, त्यांनी पान्ह्यानं ओढून काढला होता. आडनाव टिंबाटिंबांचं होतं, असं त्यांना पक्कं आठवतंय.

दूधगंगाकाठ

मुदाळतिट्ट्याकडूनच. आत्ता उठून डबा बघून आलो. डाव्या अंगालाच वाकलीय, आणि कडीवर पान्ह्याचे दोन दात उमटलेत. आजवर मला वाटत होतं वडिलांनीच कधीतरी ठोकली असेल.

बाबांना सांगा, रविवारी येतो. डबा घेऊन येतो.